खालून आलेलं पाणी

पाणी वरून खाली येतं, या एका सिद्धान्तावर गळतीकाकांनी उभा जन्म काढला होता. लोकांच्या छपरावर चढायचं, भेग हुडकायची, डांबर ओतायचं, वर फेल्ट म्हणजे जाड डांबरी कापड चिकटवायचं आणि शिडीवरून उतरताना आभाळाकडे बघून "आता ये म्हणावं" असं पुटपुटायचं. निम्म्या वस्तीची डोकी त्यांनी कोरडी ठेवली होती. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येई. वापरात ते कधी आलंच नाही.

तेव्हा खुद्द त्यांच्याच घराच्या तळखोलीत पाणी निघालं, ही बातमी गल्लीला मनापासून आवडली. समोरची शिंपीणबाई मशीन न थांबवता ओरडली, "काका, बाहेरचा माणूस बोलवायचा का? की घरातल्या घरात भागेल?"

"भागेल," काका म्हणाले.

तळखोली रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खाली होती. गल्ली उताराची आणि काकांचं घर तिच्या टोकाला. त्यामुळे वरच्या अंगाला कोणाचा चेंडू सुटला, टोपी उडाली, कांदा निसटला, तर तो काकांच्या दारात येऊन थांबे आणि मालकही मागोमाग येई. पाण्यालाही हीच वाट ठाऊक असणार, हे काकांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण माणूस एखाद्या कामात फार मुरला की त्याला त्या कामापलीकडचं दिसेनासं होतं.

आणि भागायलाच हवं होतं, कारण तळखोलीत कंपाउंडर राहत होता. औषधाच्या दुकानात काम करणारा, चाळिशीतला, सडाफटिंग, आवाज न करणारा माणूस. काकू गेल्यावर आणि मुलगी लग्न होऊन लांब गेल्यावर काकांनी त्याला खोली दिली, ती भाड्यासाठी म्हणून. मुलीला तसंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात काका त्याच्या आवाजांवर जगत होते. संध्याकाळी खाली कडी वाजे. मग नळ. मग दोन शिंका, नेहमी दोनच. मग भांड्यावर झाकण. काका वर अंधारात खुर्चीवर बसून हे सगळं एखाद्या कार्यक्रमासारखं ऐकत. त्याला त्रास नको म्हणून खुर्चीच्या पायांना त्यांनी चिंध्या बांधल्या होत्या, रेडिओ माळ्यावर टाकला होता आणि खोकला आला तर उशीत खोकत. इतक्या वर्षांत दोघांची बोलणी झाली ती पायरीवरची. 'आलात?' 'आलो.' 'उकडतंय.' 'हो ना.' काकांच्या मते हा संबंध उत्तम चालला होता.

मग एके संध्याकाळी कंपाउंडर वर आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"काका, खाली ओल फार आहे. बुटांना बुरशी धरली. या महिन्याअखेर खोली सोडावी म्हणतो."

"सोडू नका," काका म्हणाले. हे वाक्य फारच उघडं पडलंय असं वाटून त्यांनी घाईने त्यावर दुसरं पांघरलं, "म्हणजे ओलीचं काय एवढं? काढतो मी. धंदाच आहे माझा."

"बघा," कंपाउंडर म्हणाला. डॉक्टरने हात टेकल्यावर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची सवय असलेला तो आवाज होता, पण काकांनी त्यात आशा ऐकली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरची मोरी फोडली. पाणी खाली आहे म्हणजे ते वरून आलंय, आणि वर मोरीच आहे. मोरीत काही सापडलं नाही. मग त्यांनी नळ उघडा पाडला, मग भिंतीतला पाइप. शेजाऱ्यांच्या टाकीवर संशय घेऊन झाला. गल्लीत धुळीचा लोट उठला तशी शिंपीणबाई म्हणाली, "घर उभं ठेवणार ना काका? नाही, समोर मोकळं दिसायला लागलं की माझ्या पडद्यांची शिलाई वाढेल."

शेवटी त्यांनी कंपाउंडरकडून जखम धुवायची जांभळी पूड मागून घेतली, वरच्या टाकीत कालवली, सगळे नळ सोडले आणि तळखोलीत जाऊन भिंतीकडे बघत बसले. कंपाउंडर कॉटवर बसला होता. दोघं पहिल्यांदाच एका खोलीत इतका वेळ होते.

"जांभळं येईल आता," काका म्हणाले.

"येईल."

जांभळं काही आलं नाही. आलं ते नेहमीचं, स्वच्छ, थंड, फरशीच्या सांध्यांतून घामासारखं वर येणारं पाणी. कंपाउंडरने कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली, तिच्यावर हात फिरवला, मग ती उलटी केली.

"झाकण कोरडं आहे काका. बूड ओलं आहे."

काकांनी पेटीकडे बघितलं. बुडाला गंज चढला होता. आयुष्यभर ज्या देवाची पूजा केली तो दुसऱ्याच दिशेला बसलाय असं कोणी सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

पण सिद्धान्त मोडला तरी हाताची सवय मोडत नाही. पाणी खालून येत असेल तर जमीन हेच छप्पर समजायचं, फक्त उलटं. काकांनी कंपाउंडरला कॉटसकट एका कोपऱ्यात सारलं, फरशीवर तापलं डांबर ओतलं, त्यावर फेल्ट अंथरून बर्नरने चिकटवलं आणि कडा भिंतीवर वीतभर चढवल्या. असं देखणं काम त्यांच्या हातून तरुणपणीही झालं नव्हतं. उतरायला छप्पर नव्हतं, म्हणून पायऱ्या चढून रस्त्यावर आले आणि या खेपेला जमिनीकडे बघून म्हणाले, "आता ये म्हणावं."

ते आलं. आठवडाभरात फेल्ट मधोमध फुगलं. कंपाउंडर कामावरून आला, पाय ठेवला, तर जमीन गादीसारखी दबली आणि त्याच्या वजनाने पलीकडे कॉट वर उचलली गेली. काका हाक ऐकून खाली धावले. दोघांच्या भाराने कॉटचा पाय फेल्टातून आरपार गेला आणि पाण्याची चिळकांडी थेट काकांच्या कानाखाली बसली.

कंपाउंडर हसला. काकांनी त्याला हसताना कधी पाहिलं नव्हतं. एक दात पुढे होता.

"गळू आहे हे," तो डोळे पुसत म्हणाला. "वरून पट्टी दाबून काय होणार? दुसरीकडे फुगतं. त्याला वाट करून द्यावी लागते."

काकांनी कान पुसला. छपरावर पाण्याला वाट दिसली की ती बुजवायची; आपण होऊन करून द्यायची, ही गोष्ट त्यांना जवळजवळ अनीतीची वाटली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फेल्ट स्वतःच्या हाताने सोलून काढलं. खोलीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात खड्डा खणला, त्यात भोकं पाडलेलं पिंप उतरवलं, भोवती खडी भरली, आत छोटी मोटर सोडली आणि तिचा पाइप बाहेरच्या गटाराला दिला. पिंपात पाणी भरलं की मोटर आपसूक चालू होई, उपसून झालं की बंद. कंपाउंडर सुट्टीच्या दिवशी घमेली भरून देत होता. बोलणं फारसं झालं नाही, पण "थांबा", "धरा", "हं, सोडा" एवढं झालं. काकांना ते पुष्कळ वाटलं. ते रोज खाली उतरून फरशीला हात लावत आणि पिंपात डोकावत. पाणी तिथे शहाण्यासारखं बसलेलं असे.

महिना संपत आला तेव्हा भिंतीवर ओलीची फक्त रेघ उरली होती. काका खाली गेले. कंपाउंडर पेटी भरत होता.

"हे काय?" काका म्हणाले. "भिंतीला हात लावून बघा."

"कोरडी आहे काका."

"बूट?"

"तेही ठीक आहेत."

"मग?"

कंपाउंडरने एक शर्ट घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. "बुरशीचं एक निमित्त सांगितलं तुम्हाला. तुम्ही मोरी फोडाल असं काय माहीत? फोडल्यावर मग सांगायची पंचाईत. दुकानातल्या मुलांनी एक घर घेतलंय. चौघं राहतात. गोंगाट असतो, भांडतात, एकाचा साबण दुसरा वापरतो. पण संध्याकाळी जेवताना बोलायला कोणी असतं. इथे..." तो थांबला. "इथे वर माणूस आहे की नाही, कळत नाही. तुमचं काही चुकलं असं नाही. तुम्हाला शांतता लागते. मीसुद्धा भांडं आपटू नये म्हणून जपूनच होतो."

"मला?" काका म्हणाले. "शांतता?"

त्यांना पुढे बरंच सांगायचं होतं. पण चिंध्या बांधलेल्या खुर्चीची हकीकत या वयात, या माणसाला, भरलेल्या पेटीच्या साक्षीने सांगायची कशी, हे त्यांना सुचेना. शेवटी ते म्हणाले, "शिंका दोनच का येतात हो तुम्हाला?"

कंपाउंडर त्यांच्याकडे बघतच राहिला. "ऐकू यायच्या?"

"यायच्या."

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कंपाउंडर कॉटवर बसला. उठला. "शब्द दिलाय काका त्या मुलांना. भाड्याच्या वाटणीत धरलंय त्यांनी मला."

"नाही नाही, जा. शब्द दिला म्हणजे गेलं पाहिजे."

"येत जाईन मी."

"या ना," काका म्हणाले. असं म्हणून गेलेली माणसं त्यांना ठाऊक होती. त्यांनी पेटीची एक कडी धरली आणि दोघांनी मिळून ती चार पायऱ्या वर नेली.

पुढच्या आठवड्यात काकांच्या दारावर पत्र्याची पाटी लागली. डांबराने लिहिलेली, ठसठशीत: 'खोली भाड्याने देणे आहे. ओल नाही. माणूस बोलका हवा.'

शिंपीणबाई रस्ता ओलांडून आली आणि तिने ती दोनदा वाचली.

"बोलका म्हणजे किती बोलका?"

काकांनी एवढा विचार केला नव्हता. "जेवताना चार शब्द बोलेल इतका."

"आमचे हे न्या. फुकट देते. जेवताना, जेवणाआधी, जेवणानंतर, तोंडाला खळ नाही. वर तुम्हालाच चार पैसे देईन." समोरच्या घरातून कोणीतरी कात्री कुठे ठेवलीस म्हणून ओरडलं. "बघा! कात्री गळ्यात घातलीय मेल्याने आणि विचारतोय मला!" ती तशीच तणतणत परत गेली. दार लागलं तरी तिचा आणि तिच्या नवऱ्याचा आवाज रस्त्यावर येत होता, कात्रीवरून कुठल्यातरी जुन्या गोष्टीवर गेला होता आणि तिथून आणखी मागे.

काका पाटीचा खिळा नीट बसलाय का ते बघत दारात उभे राहिले. खिळा कधीच नीट बसला होता. समोरचं भांडण मिटेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.