नसलेल्या बहाव्याखाली

तुमच्या गल्लीतलं झाड तोडून नेल्यावर त्याच्या सावलीत बसणाऱ्यांचं काय होतं, हे तुम्ही कधी थांबून पाहिलं आहे का?

मी पाहिलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मी झाशीत रोज सकाळी रंगांची पेटी आणि मोठी काळी छत्री घेऊन बाहेर पडत असे. खंडेराव गेटजवळच्या भिंतीवरची बोगनवेल, एका विहिरीकाठची कण्हेर, जे फुललेलं दिसेल ते रंगवायचं. लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, सुटली की जलरंगाचं काम संपतं. कागदावर आकाश अर्धं रंगवून होईपर्यंत वरची कड वाळते आणि डाग पडतो. म्हणून ऊन तापायच्या आत आवरून उठायचं, हा सगळ्याच चित्रकारांचा नियम. दुसरा नियम माझा होता: समोर आहे तेवढंच काढायचं.

त्या सकाळी ओरछा गेटच्या आतली एक गल्ली काढत होते. माणसं पेन्सिलीनं टिपून घेतली आणि कागद लांब धरला, तर चित्र चुकल्यासारखं वाटलं. एका घरासमोर मोकळं ऊन, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्या उन्हाला वळसा घालून चाललेला. एक सायकलवाला तर तिथं येताच डोकं खाली घालत होता. बेलाच्या सरबताची गाडी भर उन्हात उभी, आणि पलीकडे भिंतीची सावली रिकामी. मी पुन्हा पाहिलं. चित्र बरोबर होतं. माणसंच तशी चालत होती.

"भैया, गाड़ी छाँव में क्यों नहीं लगाते?" मी सरबतवाल्याला विचारलं.

त्यानं वर पाहिलं. "छाँव में तो लगात हते, बिन्नू. इते अमलतास हतो."

बिन्नू म्हणजे ताई, आणि अमलतास म्हणजे आपला बहावा; गाडी त्याच्याच सावलीत लागायची. थंडीत तोडला होता. बुंधाही उखडून वर सिमेंट ओतलं होतं.

थोड्या वेळानं मी फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून त्या घरातल्या काकू दाराशी आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या इथलं. आम्ही बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीमागे आलेले.

"मराठी काय गं तू? मग उन्हात कशाला, आत ये. आणि बेटा, चित्र काढतेसच तर आमच्या भिंतीवर तो बहावा काढून दे."

मग त्यांनी सांगितलं. काकांना आताशा आठवत नाही. रोज सकाळी मानिक चौकातून भाजी आणायची एवढी एक सवय राहिली आहे. घराचा नंबर जातो, गल्ली जाते, पण झाड दिसलं की पाय आपोआप वळत. फांद्या तारांना लागतात म्हणून तोडायला माणसं आली, तेव्हा काकूंनीच 'तोडा' म्हटलं. त्यानंतर काका दोनदा घरावरून सरळ पुढे गेले. दुसऱ्यांदा सापडले ते गेटबाहेर, लू लागून पडलेले.

मी नाही म्हणाले. मी पत्रकांच्या घरात वाढले आहे. माझी पहिली फुलं बाबांच्या युनियनच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर काढलेली आहेत. त्या उन्हाळ्याच्या थोडं आधीच शहरातल्या एका भिंतीवर हिरवी झाडं रंगवायचं काम मला मिळत होतं. त्या भिंतीमागची खरी झाडं आधीच गेली होती. मी काम नाकारलं आणि पत्रक काढलं: तोडलेल्या झाडाचं चित्र म्हणजे खुनावर शिंपडलेलं अत्तर. काकूंनाही मी हेच ऐकवलं.

काकू म्हणाल्या, "खरं असेल तुझं. पण ते आत्ता बाजारातून निघाले असतील. त्यांना हे पत्रक कोण वाचून दाखवणार?"

दुसऱ्या दिवशी मी घराला लावायचा रंग घेऊन गेले. मी ते झाड कधी पाहिलेलं नव्हतं. सरबतवाला सांगे, "फूल तनक और लटका दो." काकू म्हणत, एक फांदी खिडकीपर्यंत होती. सायकलवाला उतरून, खालची फांदी कुठवर यायची ते स्वतःच्या कपाळाच्या उंचीवर बोट ठेवून दाखवून गेला. त्यांच्या बोलण्यातून ते झाड भिंतीवर उतरत गेलं. फुलांची पिवळी झुंबरं लागली. ते माझं चित्र वाटेना.

पूर्ण झालं त्या सकाळी आम्ही काकांची वाट पाहत होतो. काकू दाराआड उभ्या. काका पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले, घुटमळले, पिवळं दिसलं आणि सरळ चालत आले. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

पण काका दारात शिरले नाहीत. पिशवी खाली ठेवली, टोपी काढली आणि रंगवलेल्या खोडाला पाठ टेकून बसले. ऊन तापलं होतं, सिमेंटवर हात ठेववत नव्हता. त्यांचा चेहरा मात्र निवलेला.

"अहो, आत चला," काकू म्हणाल्या.

"येतो गं. जरा सावलीत बसतो." मग माझ्याकडे पाहून, "बसा ना तुम्हीही. इथं बरं वाटतं."

मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. त्यांनी वर पाहिलं. "जरा मागे घ्या. फुलं दिसत नाहीत."

तेव्हापासून ते रोज घर शोधून येतात आणि रोज उन्हात बसतात. सावलीसाठी कापडी कनात बांधली तर रंगवलेलं झाड झाकलं जातं, आणि ते पुढे निघून जातात. पावसाळ्यात आम्ही सिमेंट फोडून बहावा लावला. तो अजून माझ्या गुडघ्याला लागत नाही. तो सावली देईल तेव्हा काका असतील का, हे आमच्यात कुणी बोलत नाही. पत्रकातलं वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. चित्र पुसायलाही हात होत नाही. या उन्हाळ्यात मी कुठंही फुलं रंगवायला बसले की मागे कुणीतरी निवांत श्वास घेतल्यासारखं वाटतं. वळून पाहते तर नुसतं ऊन असतं.

म्हणून एक मागते. तुमच्या गल्लीत लोक मोकळ्या जागेला वळसा घालत असतील, तर तिथं काय होतं ते विचारा आणि तेच झाड परत लावा. आणि ते वाढेपर्यंत कुणी तिथं भर उन्हात सुखानं बसलेलं दिसलं, तर हसू नका, उठवू नका. छत्री धरा. फुलं दिसतील इतपत मागे.