उकिरड्यावरच्या छत्र्या

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा आमच्या वसाहतीच्या पलीकडे सगळी शेतंच होती. हे औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. तिथं बुरशीपासून औषध बनवायचे, आणि सुट्टीच्या दिवशीही यांच्या डोक्यात बुरशीच. आश्विनात पाऊस ओसरला की रविवारी सकाळी पिशवी अडकवून हे पवनेच्या काठानं निघायचे. दिसेल तो किडा आणि उगवलेली प्रत्येक कुत्र्याची छत्री टिपून ठेवायचे.

दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंसमोर आमचं एकमेकांशी बोलणं कमीच. एका रविवारी चपला घालता घालता हे म्हणाले, "येतेस का? भिंग धरायला कुणीतरी हवं होतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी भाकरीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. "जा बाई. नाहीतर हा किड्यांशीच संसार करील."

बाजरीच्या कणसावर हिंगा नावाचा हिरवानिळा किडा बसला होता. "हात लावू नकोस, फोड येतो," म्हणत हे त्याचं चित्र काढायला लागले. ते वाटाण्याला पाय फुटल्यासारखं दिसत होतं. मला राहवेना. पेन्सिल मागून घेतली आणि कोपऱ्यात माझा हिंगा काढला. हे कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्या दिवसापासून लिहायचं त्यांनी आणि चित्रं काढायची मी. बांधावर वाकलेले आम्ही दोघं दिसलो की शेतातली एक म्हातारी हमखास विचारायची, "काय हरवलंय व्हय? अजून घावलं न्हाई?"

पुढच्या पावसाळ्यात, पाचव्या महिन्यात, माझं पोटातलं मूल गेलं.

आश्विन आला तरी मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. सासूबाई केसांना तेल लावून द्यायच्या. हे त्या विषयावर बोलायचे नाहीत. मला वाटायचं, यांना काही वाटलंच नाही. रविवारी एकटेच जायचे आणि काडेपेटीतून काहीतरी आणून माझ्या उशाशी ठेवायचे. कधी चतुराचा पंख, कधी लाकडाला धरलेली बुरशी. मी बघायची आणि कुशीवर वळायची.

एकदा भर दुपारी घामाघूम होऊन आले. हातात जेवणाचा डबा, तोही असा धरलेला, की जणू आतलं काही सांडेल. "ऊठ, ऊठ. उकिरड्यावर उगवल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, मोत्यासारख्या." त्यांनी झाकण काढलं. आत काळं पाणी आणि दोन-चार लिबलिबीत देठ.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "अरे, डब्यातून शाई कशाला आणलीस?"

"आई, सकाळी छत्र्या होत्या त्या! त्या विरघळतात हे माहीत होतं, पण इतक्या लवकर..." असं म्हणत हे त्या डब्याकडे बघत उभे राहिले. यांचा चेहरा पाटीवरचं गणित पुसलं गेलेल्या शाळकरी पोरासारखा झाला होता. मला एकदम हसू फुटलं. सासूबाईही हसल्या. हसता हसता मला रडू आलं, आणि त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं.

"मला तिथंच घेऊन चला," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी उजाडायच्या आत निघालो. उकिरडा त्या म्हातारीचाच निघाला. शेणकाडीवर दवात भिजलेल्या नव्या छत्र्या उभ्या होत्या, इतक्या नाजूक की माझ्या श्वासानंही मोडतील अशी भीती वाटली. म्हातारीनं बसायला पोतं टाकलं. "कुत्र्याच्या छत्र्या बघाया एवढ्या लांबनं आलायसा?" म्हणाली आणि आमच्यासाठी दूध आणायला घरात गेली. मी चित्र काढेपर्यंत छत्र्यांच्या कडा काळ्या व्हायला लागल्या होत्या. यांनी खाली लिहिलं: जागा, वेळ, रंग.

परतताना नदीच्या वाटेवर हे एकाएकी थांबले. पाण्याकडे बघतच म्हणाले, "मलाही फार वाईट वाटलं गं. तुला सांगता आलं नाही."

मी त्यांचा हात धरला. त्या काळी रस्त्यात नवऱ्याचा हात कुणी धरत नसे. समोरून बैलगाडी आली, गाडीवान टक लावून बघत गेला. यांनी हात सोडवून घेतला नाही.