भर मे महिन्यात लावलेला हीटर

कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, गोडसर वास आला की आजही मी आधी बॉनेट उघडून बघतो. बायकोला कळा सुरू झाल्या, तेव्हा आमच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, मी आदल्याच दिवशी उघडून, त्याखालची गळती रोखणारं गॅस्केट बदलून बसवलं होतं. दवाखान्याकडं जाताना अंबडच्या अलीकडं गरमीचा काटा लाल रेषेकडं सरकला. दोन्ही बाजूंना नुसती मोकळी रानं. “मिस्त्रीनं बराबर बसवलंय ना?” तिनं विचारलं. “बिलकुल,” मी म्हणालो. इंजिनाची गरमी गाडीच्या आत खेचली जाऊन ते थंड व्हावं म्हणून भर मे महिन्यात हीटर लावला. घामानं निथळत ती ओरडली, “थांबू न्हका!” काटा हळूहळू उतरला, दवाखाना गाठला, मुलगी सुखरूप झाली. तो मिस्त्री मीच होतो, हे तिला अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.