सासऱ्यांच्या जीपीएसमधले खडक

मंडळी, आज जिंकले! सारसोळ्याचे माझे सासरे होडीवर हातातला जुना जीपीएस वापरतात. त्याची स्क्रीन मरायला टेकली होती आणि खाडीतल्या सगळ्या खुणा आतच अडकल्या होत्या.

त्याची जाड केबल लॅपटॉपला लागेना. कन्व्हर्टर आणला, तर लॅपटॉप त्याला ओळखेना. शेवटी जुना ड्रायव्हर टाकला आणि सगळं उतरलं: मासळीच्या जागा, जाळी फाडणारे खडक.

आपल्या जागा कोळी सख्ख्या भावालाही सांगत नाही. म्हणून विचारलं, "बाबा, फाइलला पासवर्ड टाकू?"

"मासलीच्या जागांना टाक. खडक सगल्या गावाला पाठव. कोनाचं जालं फाटायला नको."

काय माणूस आहे!

गाववाल्यांनो, खडक हवेत? मेसेज करा. मासळीचं विचारू नका. पासवर्ड बाबांनी स्वतः टाकलाय, मलाही माहीत नाही.