दोघांच्या घराला घाऊक दुकानाचं कार्ड

मैत्रिणींनो, आज आम्ही दोघं घाऊक दुकानाची मेंबरशिप पुढच्या वर्षासाठी वाढवायला गेलो होतो.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "घरात माणसं किती?" मी सवयीने "चार" म्हणाले.

"दोनच गं," हे हळूच म्हणाले.

मुलगा सिडनीला, मुलगी टोरांटोला. कोविड आल्यापासून दोघांना फक्त फोनवर पाहिलंय.

"मग तुम्हा दोघांना एवढं घाऊक सामान संपेल का?" बाईंनी मायेने विचारलं.

"घे गं, पोरं आली की लागेल," हे म्हणाले. गेल्या वर्षीही असंच म्हणून तांदळाचं वीस किलोचं पोतं आणलं होतं. त्याला कीड लागली, अर्धं पाखरांना घातलं.

मी कार्ड नको म्हणाले.

इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारला घरी पोचल्यावर हे माझ्याकडे न बघताच आत गेले. जणू पोरं येणार नाहीत, असं मीच ठरवलं होतं.

तुम्ही काय केलं असतंत?