उपग्रह सापडेपर्यंत

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोंबिवलीत राहते आणि ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही त्यांच्याकडून घरी जाऊन व्यायाम करून घेते. गाडी घेतली तेव्हा रस्ता फोनवरच बघायचे. एकदा बाबा शेजारी बसलेले, आंबिवलीच्या रस्त्यावर एका पेशंटचा फोन आला, नकाशा गायब झाला, आणि तो परत आणण्याच्या नादात मी पुढच्या टेम्पोवर आदळता आदळता वाचले. आठवड्याने बाबा कल्याणहून आले ते जीपीएसचं एक यंत्र घेऊनच.

"याच्यावर कुणाचा फोन येत नाही," ते म्हणाले. "आता फोन मागच्या सीटवर. कबूल?"

मी कबूल केलं.

बाबांचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या केबलमधले बिघाड शोधण्यात गेलेलं. निवृत्तीनंतर शोधायला काही उरलं नव्हतं. हे यंत्र त्यांना मिळालं. दर रविवारी रिक्षाने यायचे, माझ्या लॅपटॉपला जोडून त्यातले नकाशे ताजे करायचे, मग गाडीत बसून मनगटावरचं घड्याळ बघत मोजायचे. "चाळीस सेकंदांत धरले बघ उपग्रह!" मी वरून खिडकीतून हात हलवायचे.

मार्चच्या सुमारास ते यंत्र बिघडलं. म्हणजे चालू व्हायचं, पण पडद्यावर 'उपग्रह शोधत आहे' एवढंच. दहा-दहा मिनिटं. कधी शिळफाटा ओलांडला तरी मी त्याच्या मते अजून आमच्या बिल्डिंगखालीच उभी असायचे. आज जरा वेळ लागतोय, उद्या बघू, असं करत मी दिवस ढकलले. बाबांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते त्याच दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन आले असते आणि मला तेवढी फुरसत नव्हती. रविवारी ते आले की मी यंत्रच वर आणून द्यायचे, म्हणजे ते गाडीत बसायला जाणार नाहीत.

त्या दिवसांत कळव्यात खाडीच्या बाजूला एक आजी माझ्याकडे नवीन होत्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. आयुष्यभर मासे विकलेल्या, बसून राहणं त्यांना शिक्षेसारखं. पहिल्या दिवशी सुनेने नाक्यावर येऊन मला घरापर्यंत नेलं होतं, आणि निघताना मी ती जागा यंत्रात साठवून ठेवली होती. दुसऱ्या खेपेला नऊची वेळ दिली. "आज उभं करते तुम्हाला," असंही फोनवर सांगितलं.

यंत्र शोधत राहिलं. ओळखीचा रस्ता खणलेला होता, मी अंदाजाने दुसरीकडे वळले आणि ट्रकांच्या रांगेत जाऊन अडकले. फोन मागच्या सीटवर वाजत होता, हात पोचत नव्हता. पोचले तेव्हा पावणेदहा झालेले. सून दारातच उभी होती.

"मॅडम, किती फोन लावले तुम्हाला. त्या तुमची वाट बघून स्वतःच उठायला गेल्या."

आजी कॉटवर बसलेल्या. खुबा शाबूत होता, पण तोल सावरताना डावं मनगट दुमडलं होतं. मी त्यांना दवाखान्यात नेलं, एक्स-रेत बारीक तडा निघाला. प्लास्टर घालायचं असं ठरलं.

बाहेर गाडीत येऊन मी बाबांना फोन लावला. मी घाबरले होते, आणि ती भीती कुणाच्या तरी अंगावर टाकायला हवी होती.

"तुमच्या त्या डब्यामुळे आज एक बाई पडली. दर रविवारी त्यात काय काय दाबत बसता हो? चांगलं चाललेलं ना? आता ते वयही नाही आणि ती टेक्नॉलॉजीही राहिली नाही बाबा, समजून घ्या जरा."

बाबांनी एवढंच विचारलं, "बाई कशी आहे आता?"

मी सांगितलं आणि फोन ठेवला. त्या रविवारी ते आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. पुढच्या रविवारीही गुडघाच होता. माझ्यासारख्या बाईला वडलांचा गुडघा दुखतोय की नाही हे न बघताही कळतं. तरी मी गेले नाही.

मग एका बुधवारी सकाळची भेट रद्द झाली. मी गाडी जवळच्या मैदानात नेली आणि यंत्राच्या मागे लागले. पुस्तिकेत लिहिलेलं, मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी ठेवा, चालत्या गाडीत उपग्रह धरायला वेळ लागतो. वीस मिनिटं उभी राहिले. काही नाही. सगळं पुसून पहिल्यापासून चालू केलं. काही नाही. काचेवरून काढून डॅशबोर्डवर ठेवलं, चार्जरची पिन काढून नुसत्या बॅटरीवर चालवलं. एक रेघ उगवायची, मावळायची. शेवटी वैतागून यंत्र हातात घेऊन गाडीबाहेर आले, चार पावलं चालले, आणि पडद्यावर रेघा भराभर वर चढल्या. सहा, सात, नऊ.

परत आत आले. रेघा पडल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा वर, आरशाशेजारी पाहिलं. तिथे माझा कॅमेरा होता. रस्त्याचं चित्रीकरण करणारा, सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून मीच मागवलेला, मीच यंत्रापासून वीतभर अंतरावर चिकटवलेला. मार्चमध्ये. त्याची पिन उपटली. अर्ध्या मिनिटात उपग्रह सापडले. पिन परत लावली, गेले. मी हे पाच वेळा केलं. दुसऱ्या वेळेलाच खात्री पटलेली, पण आपलं नाव निकालात दिसल्यावर माणूस पुन्हा पुन्हा मोजून बघतो.

खरं तर तिथूनच बाबांना फोन करायला हवा होता. मी नाही केला. उलट मला एक युक्ती सुचली आणि ती मला प्रेमळसुद्धा वाटली. कॅमेऱ्याची पिन होती तशी लावली, रविवारी गाडी घेऊन कल्याणला गेले आणि म्हटलं, "बाबा, मला काही जमत नाहीये. तुम्हीच बघा ना."

ते खाली आले. गुडघा अजिबात दुखत नव्हता. दार उघडं ठेवून बसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, हा कॅमेरा कधी लावलास?"

"मार्चमध्ये असेल."

"काढ ती पिन." रेघा चढल्या. "स्वस्तातल्या मालाला आतून नीट आवरण नसतं. त्याचा गोंगाट होतो. उपग्रहाचा आवाज म्हणजे कुजबुज, ती ऐकू येणार कशी? वीज सुरू असलेल्या वायरीला चिकटून गेलेल्या टेलिफोन लाईनीत आम्ही असाच घूं-घूं आवाज पकडायचो." किती दिवसांनी ते एवढं सलग बोलत होते. मी आश्चर्य वाटल्यासारखं केलं. टाळीसुद्धा दिली.

मग सवयीने त्यांनी यंत्रातला जुन्या प्रवासांचा नकाशा उघडला. बोटाने तो मोठा केला. आमच्या मैदानाच्या जागेवर बुधवारच्या ठिपक्यांचं एक जाळं झालं होतं, एकाच ठिकाणी घुटमळणारं, मध्येच तुटून पुन्हा सुरू होणारं.

"बुधवारी बराच वेळ उभी होतीस इथे," ते म्हणाले. "पाच-सहा वेळा सापडलेत उपग्रह, तेवढ्याच वेळा गेलेत."

त्यांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुला कळलेलं."

"हो."

त्यांनी यंत्र बंद केलं. "फोनवर बोललीस त्याचं फार नाही गं. घाबरलेली होतीस. पण आज माझ्यापुढे खेळणं टाकलंस. म्हातारा रमेल म्हणून."

"बाबा, माझी चूक झाली. तेव्हाही, आणि आजही."

"तेव्हाची मला सांगू नकोस," ते म्हणाले. "त्या बाईंना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्या घरी मी जी कहाणी सांगितली होती तिच्यात ट्रकांची रांग होती, खणलेला रस्ता होता, बंद पडलेलं यंत्र होतं. सगळं खरं होतं आणि त्यात मी कुठेच नव्हते.

वर जाऊन त्यांनी चहा टाकला. आम्ही प्यायलो. ते माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, आणि तेच मला सोसेना.

सोमवारी कळव्याला जाऊन सुनेसमोर आजींना सगळं सांगितलं. यंत्र बिघडलंय हे मला महिनाभर ठाऊक होतं, मी ते टाळलं. बिघडलं तेही माझ्याच हाताने. सून मान फिरवून स्वयंपाकघरात गेली. तिचा राग रास्तच होता. रात्री-अपरात्री आजींना उठवणं-बसवणं तिच्यावर आलेलं.

आजी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. "मी उठली ती माझ्या मर्जीनं," त्या म्हणाल्या. "तू काय मला धक्का दिलास? चल, कामाला लाग."

ते ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण प्लास्टरमधल्या त्या हाताने त्यांना वॉकर धरता येत नव्हता. म्हणून पुढचे तीन आठवडे मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायचे, त्या प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर टेकवायच्या आणि आम्ही पलंगापासून दारापर्यंत जायचो. प्लास्टर जड होतं. रोज थोडं जास्त चालायचो, आणि दाराशी पोचलं की त्या दम खाईपर्यंत मी ते वजन तसंच पेलून उभी राहायचे.