तिसऱ्या दिवसाचा निकाल

"हाडानं धरलं होतं," असं म्हणून ते अंगठ्याचं नख सळईवर घासून दाखवायचे, आणि मी खुर्ची मागे सरकवायचो. तुम्हीही सरकवली असती. सळई कुणाच्या तरी चितेतून आलेली असायची.

ते अकोल्यातल्या एका स्मशानभूमीचे रखवालदार. मी तिथून दोन चौक अलीकडे, हाडांच्या दवाखान्यात स्टोरवर. खुब्यात बसवायचे गोळे, मांडीच्या हाडात ठोकायच्या सळया, सगळं माझ्या ताब्यात. त्यांचं नाव इथे सांगत नाही. दवाखान्यात सगळे त्यांना काका म्हणायचे आणि दुरूनच नमस्कार करायचे.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सळई होती. राख सावडायला आलेल्या घरच्यांनी ती पाहिली, घाबरले, आणि हे आमच्या आजोबांचं नाहीच म्हणून निघून गेले. काकांनी चौकशी केली. ती आमच्याकडेच बसवलेली निघाली. मी म्हणालो, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही.

"वापरनाऱ्याची काही तक्रार नाही," ते म्हणाले. "इमानदार माल हाय म्हनून सांगाले आलो."

मग मी त्यांना चहा पाजला, आणि तिथेच माझी चूक झाली. मी समजावून सांगत बसलो. काही सळया सिमेंटने चिकटवतात. काहींवर मात्र कारखान्यात पांढरा, खरबरीत थर चढवतात. तो हाडाच्याच खनिजाचा असतो. नुसत्या धातूजवळ हाड जरा बिचकतं. थर असला की आपलंच कुणी आलं असं समजून ते त्याला लगटून वाढतं. काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कीर्तन ऐकावं तसे ऐकत होते.

त्या दिवसापासून ते आमचे परीक्षक झाले. डॉक्टरांचा निकाल एक्स-रेवर लागायचा, काकांचा तिसऱ्या दिवशी. गुळगुळीत निघाली तर तोंड पाडून यायचे, पांढरी खपली असली तर शर्टाची वरची गुंडी लावून. मी एकदा म्हणालो, काका, ही खपली आमच्या थराचीसुद्धा असेल. तोही जळत नाही आणि हाडही तसंच. त्यांनी सळई उजेडात उलटसुलट करून पाहिली. तुमचं कुठलं नि त्याचं कुठलं हे आता देवालेही नाही समजनार, म्हणाले. त्यांना त्याचा भारी आनंद झाला होता.

बाळापूरचे दोन भाऊ त्यांच्यासमोर भांडले ते मी स्वतः पाहिलं. आईच्या अस्थींबरोबर सळई नदीत सोडायची की नाही यावर वाद. धाकटा म्हणे, लोखंड आहे, आईचं कसं? काकांनी विचारलं, किती वर्षं होती आत? चौदा. "सून चौदा वर्सं घरात रायली, त तिले अजून माहेरची म्हनता का?" धाकट्याने मडकं पुढे केलं. सळई मडक्यात मावेना. वरून फडकं बांधलं तर टोक बाहेर. तसंच ते मडकं मांडीवर घेऊन दोघे भाऊ एसटीने गेले.

मग काकू ओट्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: सिमेंटची सळई किंवा थराची. काका कोपरापर्यंत हात धुऊन स्टोरमध्ये आले आणि सीलबंद पाकिटातली थराची सळई खिडकीजवळ धरून बसले. अख्ख्या अकोल्यात या विषयावर त्यांच्याइतका अनुभव कुणाला नव्हता, आणि तो माणूस घामाने भिजला होता.

"भाऊ, मी पाह्यले ते सगळे मेलेले," ते म्हणाले. "जिताजागता एक दाखवा मले."

मी त्यांना व्यायामाच्या खोलीत नेलं. अंजनगाव सुर्जीच्या एक निवृत्त बाई थराच्या सळईवर वॉकर घेऊन चालत होत्या. काका त्यांच्याभोवती फिरले, वाकून खुब्याकडे पाहिलं, मान डोलावली. बाईंनी विचारलं, तुम्ही काय करता? त्यांनी खरं तेच सांगितलं. त्या दिवशी बाई जेवढ्या भरभर चालल्या तेवढ्या पुन्हा कधी चालल्या नाहीत.

काकांनी थराची सळई ठरवली. सही करायला पेन उचललं आणि हात थांबला.

"धरीन हाड," ते म्हणाले. "पन हिचा निकाल मले नाही पाह्याचा."

मला ते कळायला एक क्षण लागला. त्या स्मशानात राख विझवणारे तेच होते; काकू आधी गेल्या तर ती सळई त्यांच्याच हाती येणार होती. मी उगाचच कपाट आवरत बसलो.

काकू बऱ्या झाल्या. सहा आठवड्यांनी वॉकर सुटला. काकांनी आम्हाला पेढे दिले, ते खाताना काहींनी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, पण खाल्ले.

दोन वर्षांनी काका झोपेतच गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून राख सावडायला मला बोलावलं. बायका सहसा येत नाहीत, पण काकू फाटकापासून काठीशिवाय चालत आल्या. खाली बसायची त्यांना डॉक्टरांची मनाई. नव्या रखवालदाराने ऑफिसातली प्लास्टिकची खुर्ची आणून राखेजवळ ठेवली. त्या खुर्चीवर बसून बोटाने दाखवत होत्या, मी उकिडवा बसून वेचत होतो. डाव्या अंगाचं राहिलं, त्या म्हणायच्या. तो बारीक तुकडा घ्या.

सगळं दुधापाण्याने धुऊन मडक्यात भरलं. काकूंनी मडक्यावर स्वतः फडकं बांधलं.

"माहं कोन पाह्यीन आता?" त्यांनी विचारलं.

"मी पाहीन, काकू," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खुर्चीचे हात धरून सावकाश उभ्या राहिल्या, पदर झटकला.

"पाहा," त्या म्हणाल्या. "पन मले काही घाई नाही."